पिक्चर ट्यूबवाला जुना संगणक उघडताय? शॉकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक आणि पडदा एकाच खोक्यात असलेल्या यंत्रांबद्दल हे पान आहे. १९७७चा कमोडोर पेट, १९८०चा टीआरएस-८० मॉडेल थ्री, १९८१चा ऑस्बोर्न १, त्यानंतरचा केप्रो, १९८४पासूनचे छोटे मॅकिंटॉश (१२८के, प्लस, एसई, एसई/३०, क्लासिक) आणि १९९८चा आयमॅक जी३ ही त्यातली माहीत असलेली नावं. उदाहरणं बहुतेक छोट्या मॅकची दिली आहेत, कारण हौशी लोकांच्या हाती तीच यंत्रं जास्त येतात. आतली वीज मात्र सगळीकडे सारखीच वागते.

रोज पीसी उघडतो, रॅम बदलतो, कधी काही झालं नाही. मग यात वेगळं काय आहे?

साध्या पीसीत २३० व्होल्टचा सगळा कारभार एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, बंद पत्र्याच्या डब्यात चालतो. बाहेर येतात ते ५ आणि १२ व्होल्ट, त्यांना हात लागला तरी काही कळत नाही. छोट्या मॅकमध्ये असा डबा सगळ्या मॉडेलांत नसतो. मागचं प्लास्टिक काढलं की एका बाजूला एक मोठा बोर्ड उभा दिसतो, त्याला अॅनालॉग बोर्ड म्हणतात. प्लस आणि क्लासिकमध्ये पॉवर सप्लाय आणि पडद्याचं सर्किट त्याच बोर्डवर शेजारी शेजारी आहेत. एसई आणि एसई/३०मध्ये सप्लायला वेगळा डबा आहे, तेवढं बरं.

दुसरी अडचण जागेची. ट्यूबची मान नेमकी मागच्या बाजूला, जिथून तुमचा हात आत जाणार तिथेच येते. अंगठ्याएवढी जाड, पातळ काचेची ही मान, तिच्यावर छोटा बोर्ड आणि बाजूला पत्र्याच्या धारदार कडा. शॉक फार मोठा नसला तरी हात झटकायला इथे जागा नाही. यातले बरेच अपघात त्या झटक्यामुळेच होतात.

सगळ्यात धोकादायक म्हणजे पिक्चर ट्यूबच ना?

नाही. हे पान लिहिण्याचं कारणच हा गैरसमज आहे. ट्यूबची भीती सगळ्यांना असते आणि त्या भीतीत शेजारच्या अर्ध्या वीत अंतरावरच्या कपॅसिटरकडे (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाकडे) कुणाचंच लक्ष जात नाही.

हिशोब करून बघू. नऊ इंची काळ्या-पांढऱ्या ट्यूबवर साधारण १२,००० व्होल्ट असतात. आकडा भयंकर वाटतो, पण ट्यूब हा कपॅसिटर म्हणून फारच छोटा. ५०० पिकोफॅरड धरले तर त्यात साठलेली ऊर्जा एका ज्यूलच्या पंचविसाव्या भागाइतकीही भरत नाही. मोठ्या रंगीत ट्यूबवर २५,००० व्होल्ट आणि १ नॅनोफॅरड धरले, तरी ती ०.३ ज्यूलच्या आसपास येते.

आता पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेला मोठा फिल्टर कपॅसिटर पाहा. आपल्याकडचे २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेले की त्यांचे जवळजवळ ३२५ व्होल्ट डीसी होतात. २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला साठलेली ऊर्जा ११ ज्यूलच्या वर जाते. छोट्या ट्यूबच्या तुलनेत ही तीनशे पटीहून जास्त झाली. दहा ज्यूलच्या पुढचा धक्का छातीतून गेला तर जिवावर बेतू शकतो, असं धरूनच काम करायचं असतं.

आणि हे झालं बंद यंत्राचं. प्लग लावलेला असेल तर घरातली लाइनच त्या बोर्डपर्यंत आलेली असते आणि ती काही साठवलेली वीज नव्हे, ती येतच राहते. ५० हर्ट्झच्या एसीला १० मिलिअँपियरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० ते ५० मिलिअँपियर छातीतून काही क्षण वाहिले तर हृदयाचा ठेका बिघडू शकतो. म्हणून माझा क्रम असा: पहिला धोका लाइनचा, दुसरा फिल्टर कपॅसिटरचा, तिसरा ट्यूबचा.

मग ट्यूबचा शॉक खाल्ला तरी चालतो म्हणायचं?

तसं अजिबात नाही. १२,००० व्होल्टला ट्यूबच्या काचेवरच्या रबरी टोपीपासून (हिच्याखाली अॅनोड, म्हणजे हे व्होल्टेज ट्यूबमध्ये शिरण्याची जागा, असतो) बोट थोडं लांब असलं तरी ठिणगी उडी मारते. धक्का जोरदार असतो आणि हात आपोआप मागे फेकला जातो. मग कोपर मानेवर आपटून ट्यूब कायमची निकामी होते, मनगट पत्र्यावर चिरतं किंवा अख्खं यंत्र टेबलाखाली जातं. हृदयविकार असलेल्यांनी किंवा पेसमेकर बसवलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

यंत्र चालू असताना गोष्ट अजून वेगळी. तेव्हा फ्लायबॅक, म्हणजे आपले टीव्ही मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर, ट्यूबला सतत भरत असतो. मानेच्या बोर्डवरही काहीशे व्होल्ट असतात. बहुतेकांना फक्त टोपीला जाणारी जाड लाल वायर धोक्याची वाटते आणि या बोर्डला खुशाल हात लावला जातो.

प्लग काढून किती वेळ थांबलं म्हणजे सुरक्षित?

ठरावीक वेळ सांगता येत नाही. काही यंत्रांत ट्यूबचा चार्ज वाहून नेणारा रेझिस्टर फ्लायबॅकमध्येच असतो, तिथे बंद केल्यावर ट्यूब लगेच रिकामी होते. जुन्या मॉडेलांत तो नसतो. शिवाय तो असला तरी तीस-चाळीस वर्षांनी तो शाबूत असेल कशावरून?

माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्राच्या ट्यूबमध्ये सहसा काही उरलेलं नसतं. काचेवरची धूळ आणि दमट हवा चार्ज हळूहळू वाहून नेतात. पण लोक करतात काय, तर यंत्र घरी आणल्या आणल्या आधी प्लग लावतात, ‘चालतंय का बघू’ म्हणून. पडदा क्षणभर उजळतो, विझतो, आणि मग उघडायला घेतात. इतकी वर्षं रिकामी असलेली ट्यूब त्या क्षणभरात पूर्ण भरलेली असते. फिल्टर कपॅसिटरही भरलेला असतो, आणि सप्लाय नादुरुस्त असेल तर तो जास्तच वेळ भरलेला राहतो, कारण त्यातली वीज खर्च करणारं पुढे काही चालूच नसतं. चालू यंत्रापेक्षा बंद पडलेल्या यंत्राच्या सप्लायला मी जास्त घाबरतो, ते यामुळे.

दर वेळी ट्यूब डिस्चार्ज, म्हणजे साठलेला चार्ज काढून रिकामी, करायलाच हवी का?

यावर मतभेद आहेत. माझं मत: दर वेळी नको. छोट्या मॅकमधून खालचा लॉजिक बोर्ड (प्रोसेसर आणि रॅमचा मुख्य बोर्ड) काढायला, बॅटरी बदलायला, रॅम लावायला अॅनोडची टोपी काढावी लागत नाही. प्लग काढलेला असेल, मानेपासून आणि टोपीपासून हात लांब असेल तर हे काम डिस्चार्ज न करता होतं. उलट घाईत, चुकीच्या हत्यारानं डिस्चार्ज करताना मान तुटलेल्या ट्यूबा आणि उडालेले आयसी यांची संख्या कमी नाही.

अॅनालॉग बोर्ड, फ्लायबॅक, ट्यूब किंवा अॅनोडची वायर यांपैकी काहीही काढायचं असेल तर मात्र डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. नवशिक्यानं हे वेगळं काम समजून, निवांतपणे करावं.

जाता जाता: एसई/३० किंवा क्लासिकसारखं यंत्र हाती आलं तर आतली ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी आधी बाहेर काढा. ती फुटली की आतला द्रव सगळा बोर्ड खातो. शॉकइतकंच हे काम तातडीचं आहे, आणि सुदैवानं त्यासाठी ट्यूबजवळ जावं लागत नाही.

डिस्चार्ज नेमकी कशी करायची?

आधी ट्यूब समजून घ्या. काचेच्या आतल्या बाजूला एक वाहक थर असतो, तो अॅनोडला जोडलेला. बाहेरच्या बाजूला काळा ग्रॅफाइटचा थर, त्यावरून एक उघडी, विणलेली तार ताणून बसवलेली असते. मधली काच या दोन थरांना वेगळं ठेवते, असा हा कपॅसिटर बनतो. चार्ज या दोन थरांमध्ये असतो, म्हणून त्याला परत जायची वाटही याच दोघांमध्ये द्यायची.

प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून थांबू नका. घड्याळ, अंगठी, बांगड्या, गळ्यातली चेन, मंगळसूत्र बाजूला ठेवा. गॉगल घाला. हत्यार म्हणून लांब दांड्याचा, चांगल्या प्लास्टिक मुठीचा, पातळ चपट्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. त्याच्या दांड्याला एक वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला मगर-क्लिप. क्लिप आधी त्या विणलेल्या तारेला किंवा ट्यूबच्या कोपऱ्यातल्या स्क्रूपाशी, जिथे ती तार बांधलेली असते तिथे लावा. लॉजिक बोर्डच्या ग्राउंडला लावू नका, नाहीतर चार्ज चिप्समधून वाट काढतो आणि चांगलं यंत्र मरतं.

मग एक हात पाठीमागे किंवा खिशात. दुसऱ्या हातानं पातं रबरी टोपीच्या कडेखालून काचेला धरून हळूच सरकवत न्या, आतल्या धातूच्या आकड्याला टेकेपर्यंत. जोर लावू नका, काचेवर दाब देऊ नका. ‘टक्’ असा आवाज येईल किंवा येणार नाही. आवाज आला नाही म्हणजे चार्ज नव्हता असं नाही, कदाचित पातं पोचलंच नसेल. काही सेकंद टेकवून ठेवा.

काम इथे संपत नाही. काचेसारख्या पदार्थात थोडा चार्ज मुरून राहतो आणि पाचदहा मिनिटांत पुन्हा वर येतो. म्हणून जरा थांबून तेच परत करा. टोपी काढल्यावर उघड्या भोकाला आणखी एकदा टेकवा. ट्यूब बाहेर काढून ठेवायची असेल तर भोक आणि बाहेरचा थर वायरनं जोडूनच ठेवा.

वायरमध्ये रेझिस्टर लावायचा की थेट शॉर्ट करायचं?

रेझिस्टर लावलेला चांगला. ठिणगी उडत नाही, नाजूक सर्किटला झटका बसत नाही. १० मेगओहमचा रेझिस्टर आणि १ नॅनोफॅरडची ट्यूब धरली तरी चार्ज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उतरतो, त्यामुळे वेळ काही जात नाही. फक्त रेझिस्टर दुकानातला साधा पाव वॅटचा नको. त्याची व्होल्टेज मर्यादा साधारण २५० असते, १२,००० व्होल्टला ठिणगी त्याच्या अंगावरूनच पलीकडे जाईल. हाय व्होल्टेजसाठी बनवलेला लांबट रेझिस्टर मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधलं तर मिळतो.

सगळ्यात उत्तम हत्यार म्हणजे हाय व्होल्टेज प्रोब. तो किती व्होल्ट आहेत ते दाखवतो आणि दाखवता दाखवता काही सेकंदांत ट्यूब रिकामीही करतो.

साध्या मल्टिमीटरनं अॅनोड तपासला तर?

नका. त्याची मर्यादा ६०० किंवा १,००० व्होल्ट असते. मीटर तर जाईलच, शिवाय वायरच्या आवरणातून ठिणगी तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकते.

फिल्टर कपॅसिटर कसा रिकामा करायचा?

इथे मात्र साधा मल्टिमीटर हवाच. डीसीच्या ६०० किंवा १,००० व्होल्टच्या पट्ट्यावर लावून कपॅसिटरच्या दोन पायांत किती आहे ते आधी मोजा. मग १० किलोओहम, ५ वॅट किंवा त्याहून मोठा वायरवाउंड रेझिस्टर, वायरी जोडून आणि नीट आवरण घालून, त्या दोन पायांवर धरा. २२० मायक्रोफॅरडला दहा-बारा सेकंद पुरतात, तुम्ही अर्धा मिनिट धरा. परत मोजा. पाच-दहा व्होल्टच्या खाली आलं की मगच बोर्डला हात.

जुने मेकॅनिक यासाठी तारांचा २३० व्होल्टचा साधा बल्ब होल्डरसकट वापरतात. तेही ठीक. एलईडी बल्ब चालत नाही.

स्क्रूड्रायव्हरनं थेट शॉर्ट करायची सवय मात्र वाईट. मोठा फटाका होतो, पात्याचा तुकडा वितळून उडतो, ट्रॅक जळतो, आणि डोळा वाचला तर नशीब. एवढी ऊर्जा एका क्षणात सोडायची गरजच काय?

टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. म्हणजे करंट नाही ना?

आपल्याकडे प्रत्येक घरात असलेल्या या हत्यारानं जितका खोटा धीर दिला आहे तितका दुसऱ्या कशानंही दिला नसेल. टेस्टरचा निऑन पेटायला करंट तुमच्या शरीरातून जमिनीत जावा लागतो. प्लग काढलेल्या यंत्रातला कपॅसिटर जमिनीशी जोडलेला नसतो. त्याच्या एका पायाला टेस्टर लावला तर सर्किट पुरंच होत नाही, मग आत ३२५ व्होल्ट असले तरी दिवा विझलेलाच. बोटं दोन्ही पायांना लागली की मग समजतं. शिवाय साठेक व्होल्टच्या खाली निऑन पेटतच नाही. टेस्टर भिंतीवरच्या स्विचबोर्डातली लाइन शोधायला ठीक आहे, इथे मीटरच.

यंत्र चालू असताना पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसून प्लगच्या खोक्यात असतो. सप्लायच्या तोंडाशी लाइन आणि बॉडी, न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात (वरचा मोठा फिल्टर कपॅसिटर वेगळा). अर्थिंग जागेवर असेल तर त्यांतून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या.

जुन्या वाड्यांत, चाळींत, कितीतरी बिल्डिंगांमध्ये थ्री-पिन सॉकेटची वरची पिन नुसती शोभेला असते. आणि ज्यांच्याकडे अर्थिंग आहे ते टू-पिनचं कन्व्हर्टर लावून ते बाद करतात. झिणझिण्या सहन करत काम करू नका. उद्या तोच कपॅसिटर शॉर्ट झाला तर पूर्ण लाइन बॉडीवर येईल आणि तेव्हा झिणझिण्यांवर भागणार नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, मगच दुरुस्ती.

भावानं अमेरिकेतून मॅक प्लस पाठवलाय. इथे थेट लावू?

आधी मागची पट्टी वाचा. तिथे विकलेली बरीच जुनी यंत्रं १२० व्होल्टचीच असतात, २३०वर लावली की सप्लाय क्षणात उडतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो घेताना दोन्ही वाइंडिंग वेगळी आहेत का हे विचारा. स्वस्तातले बरेच स्टेप-डाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यात एकच वाइंडिंग असल्यानं घरची लाइन थेट यंत्रापर्यंत पोचलेली असते. व्होल्ट ११० दिसतात म्हणून निर्धास्त राहिलात तर फसाल.

घरात ईएलसीबी आहे. मग काय होणार?

ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असणं फार चांगलं. लाइनमधून गेलेला करंट ३० मिलिअँपियरच्या आसपास जमिनीकडे गळायला लागला की तो ट्रिप होतो. पण एक हात लाइनला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही एक बल्ब आहात, गळती शून्य. भरलेल्या कपॅसिटरची किंवा ट्यूबची तर त्याला कल्पनाच नसते. आणि फ्यूज आहे तो आग लागू नये म्हणून, माणसासाठी नाही.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही वाइंडिंग वेगळी असलेला, यंत्राला घरच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा) लावला तर एका हातानं लाइन आणि पायांखाली जमीन हा धोका कमी होतो, ऑसिलोस्कोपनं सप्लाय तपासायचा असेल तर तो लागतोच. पण दोन हातांच्या मध्ये ३२५ व्होल्ट आले तर तोही काही करू शकत नाही. तो लावला की मागची ईएलसीबीही त्या बाजूची गळती ओळखत नाही, हेही लक्षात असू द्या.

सिरीज बल्ब, म्हणजे यंत्राच्या लाइनमध्ये एका ओळीत जोडलेला बल्ब, लावावा का, असंही विचारतात. जरूर लावा, १०० वॅटचा, तारांचा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना शॉर्ट राहिलेला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. वाचतं ते यंत्र, तुम्ही नाही.

पडद्याची रुंदी-उंची जुळवायला यंत्र उघडं ठेवून चालू करावं लागतं. काय काळजी घ्यावी?

शक्य असेल तर उघडूच नका. मॅकच्या मागच्या बाहेरच्या फ्लॉपीच्या पोर्टवर ५ आणि १२ व्होल्ट मिळतात, सप्लाय कमी पडतोय का हे तिथेच, झाकण न काढता मोजता येतं. पडदा आकुंचन पावत असेल तर बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं.

उघडावंच लागलं तर टेबल लाकडी, पायात कोरडी रबरी चप्पल, खोलीत दुसरं माणूस, आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते आधी दाखवलेलं. लहान मुलं, मांजर खोलीबाहेर. हत्यार पूर्ण प्लास्टिकचं, अॅडजस्टमेंटसाठीच मिळतं तसं. रुंदीच्या कॉइलमध्ये फेराइटचा षट्कोनी गाभा असतो, त्यात लोखंडी पाना घातला तर गाभा तडकतो आणि तुमचा हातही चालू बोर्डजवळ धातू घेऊन असतो. एकच हात आत. मीटरच्या क्लिपा यंत्र बंद असताना लावून ठेवायच्या, मग चालू करून नुसतं वाचायचं. पडद्याकडे बघायला मान वाकडी करून हात आत ठेवायची कसरत करू नका, समोर आरसा ठेवा.

अँटिस्टॅटिक पट्टा मनगटात घालावा की नको?

लॉजिक बोर्ड बाहेर काढून टेबलावर काम करताना घाला. ट्यूब किंवा सप्लायजवळ काम असेल तर काढून ठेवा. शॉकच्या वेळी शरीर जमिनीशी जोडलेलं नसावं हा आपला सगळा आटापिटा, आणि पट्टा नेमकं उलटं करतो. त्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असतो हे खरं, पण १२,००० व्होल्टसमोर त्याच्या भरवशावर राहू नये.

चालू केल्यावर पाच मिनिटांत घाण वासाचा धूर आला.

मेन लाइनवर आडवा बसवलेला कागदी एक्स-कपॅसिटर फुटला असणार. पारदर्शक पिवळट आवरणाचे रिफा कंपनीचे हे कपॅसिटर काळाबरोबर तडकतात, तडीतून ओल आत शिरते आणि एक दिवस ते असे जातात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात पडून राहिलेलं यंत्र असेल तर आश्चर्य वाटायला नको. प्लग काढा, खिडक्या उघडा, वर सांगितल्याप्रमाणे फिल्टर कपॅसिटर तपासा, मग तो बदला. बदलताना ‘एक्स२’ असं छापलेलाच घ्या. तेवढ्याच क्षमतेचा साधा कपॅसिटर तिथे आगीला निमंत्रण ठरतो. मी असं यंत्र आणलं की हा भाग तडा गेला नसला तरी आधी बदलतो, नंतरच लाइन देतो.

ओलीचं आणखी एक लक्षण: टोपीजवळून ‘सर्रर’ आवाज आणि ओझोनचा उग्र वास. बंद करा, डिस्चार्ज करून टोपीखालची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या.

ट्यूब फुटली तर?

नऊ इंची पडद्यावर हवेचा दाब मिळून साधारण २५० किलो भरतो, आत निर्वात. पडद्याभोवती पोलादी पट्टा असल्यामुळे समोरची बाजू सहज फुटत नाही, मान मात्र सहज जाते. मान गेली की ‘फुस्स’ होऊन हवा आत शिरते आणि ट्यूब संपते. ट्यूब कधीही मानेला धरून उचलू नका, पडदा छातीकडे करून दोन्ही हातांनी धरा. टीआरएस-८० मॉडेल थ्रीमध्ये ट्यूब वरच्या झाकणालाच बसवलेली असते, झाकण घाईनं उचललं की मानेच्या वायरींना हिसका बसतो. पेटमध्ये त्या मानानं सोय आहे, गाडीच्या बॉनेटसारखं झाकण वर करून दांडी लावायची.

एक्स-रे निघतात म्हणे?

नऊ इंची काळ्या-पांढऱ्या ट्यूबबाबत चिंता नको. रंगीत ट्यूबमध्ये पडद्याची जाड काच ते अडवते आणि व्होल्टेज वाढलं तर सर्किट स्वतःहून बंद होतं. ते बंद होणारं सर्किट त्रास देतं म्हणून बायपास करू नका, बस.

आयमॅक जी३मध्ये हार्ड डिस्क बदलायची आहे. ट्यूबजवळ जावं लागेल?

पहिल्या, ट्रे असलेल्या मॉडेलांत लॉजिक बोर्ड आणि डिस्क एका तबकात मागून बाहेर सरकतात, ट्यूबचा संबंध येत नाही. १९९९च्या स्लॉटवाल्या मॉडेलांत रॅमसाठी खाली नाण्यानं उघडणारं झाकण आहे, डिस्कसाठी मात्र बरंच खोल जावं लागतं. पडद्याची आणि सप्लायची दुरुस्ती हा वेगळाच प्रकार: पंधरा इंची रंगीत ट्यूब, छोट्या मॅकच्या दुप्पट व्होल्टेज, आणि फोकसच्या वायरवरही काही हजार व्होल्ट. टीव्ही दुरुस्तीचा सराव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शॉक बसलाच तर काय करायचं?

माणूस चिकटलेला असेल तर त्याला हात लावू नका, मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर ढकला. शुद्ध आणि श्वास नसेल तर ताबडतोब छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, दुसऱ्यानं महाराष्ट्रात १०८ किंवा कुठूनही ११२ लावावा. लाइनचा शॉक एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, छातीत धडधड होत असेल किंवा क्षणभर शुद्ध गेली असेल, तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा. ट्यूबचा नुसता चटका असेल तर जखम धुवा, पाणी प्या, आणि त्या दिवशी पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका, हात थरथरत असतो.

मला हे जमणार नाही. कुणाकडे द्यावं?

गल्लीतल्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडे, पिक्चर ट्यूबवर काम केलेल्या. संगणकाच्या दुकानातल्या मुलानं ट्यूब पाहिलेलीही नसते. मेकॅनिकला मॅकची ओळख नसेल तरी लाइन, ईएचटी आणि ट्यूब त्याला तुमच्या-माझ्याहून चांगली कळते. त्याला चार गोष्टी सांगा. वरच्या मुठीच्या खोल खाचेतले स्क्रू टी१५ टॉर्क्सचे आहेत, लांब दांड्याचा ड्रायव्हर लागेल. प्लास्टिक जुनं झालंय, उचकटलं की तुटतं. डिस्चार्ज बाहेरच्या तारेलाच करायचा, बोर्डच्या ग्राउंडला नाही. आणि यंत्र १२० व्होल्टचं असेल तर ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, तो कागद पॉवरच्या सॉकेटवर चिकटवूनच त्याच्याकडे न्या.